चामड्याच्या हातशिलाईसाठी घरच्या घरी शिकंजा कसा करायचा?

मेणदोरा_धायरी

नमस्कार मंडळी, मी घरीच चामड्याच्या छोट्या वस्तू करते, कार्डांचं पाकीट, चष्म्याचं कव्हर, किल्ल्यांचं पाउच असलं काहीबाही. मशिन नाही आणि घ्यायचंही नाहीये कारण मला हातशिलाईच आवडते, एक दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट जातात ती सॅडल स्टिच. मशिनच्या टाक्यात वरचा दोरा खालच्यात नुसता अडकलेला असतो, एक तुटला की उसवत जातो. सॅडल स्टिचमधे एक तुटला तरी दुसरा त्याच भोकातून गेलेला असतो म्हणून शिवण टिकते. ज्याला भेट देईन त्याच्याकडे ती वस्तू वर्षानुवर्षं राहावी असं मनापासून वाटतं म्हणून हा सगळा खटाटोप.

आता अडचण अशी की दोन्ही हात सुयांमधे, मग काम धरायचं कशाने? सध्या गुडघ्यात दाबून धरते तर अर्ध्या तासात मान आणि मांड्या भरून येतात, आणि काम हललं की सुई तिरकी शिरते आणि मागच्या बाजूची शिवण वाकडी दिसते. कागदाच्या गठ्ठ्याला लावतात त्या काळ्या मोठ्या क्लिपा लावून बघितल्या, पण व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेल्या, चामड्यावर त्याचे वळ उठतात ते जातच नाहीत. ऑनलाइन तयार लाकडी शिकंजे, म्हणजे काम दाबून धरणारे मोठे चिमटे, दिसतात, पण जे परवडतात ते हलके वाटतात आणि रिव्ह्यूमधे सगळे लिहितात की हलतात.

माझ्याकडे साधं ड्रिल आहे, करवत आहे, स्क्रू ड्रायव्हर वगैरे आहे. वर्कशॉप नाही, फ्लॅटची बाल्कनी एवढीच जागा. कुणी घरी केलाय का? मापं काय ठेवली, स्प्रिंग कुठली घातली, आणि मुख्य म्हणजे वळ उठू नयेत म्हणून काय करायचं ते सविस्तर सांगाल का प्लीज.

दीडसूत

ताई, आरामात होईल, आणि विकतच्यापेक्षा भक्कम होईल. मी सांगतो ते सगळं एकाच पाऊण इंची, म्हणजे सहा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), प्लायच्या तुकड्यातून निघतं. पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलात तर प्लायच्या दुकानांत कटपीस मिळतात, मापं कागदावर लिहून न्या आणि तिथेच मशिनवर कापून घ्या म्हणजे कडा काटकोनात येतात, घरी करवतीने प्लाय कापला की कडा तुटतात. जवळपास कुठे फर्निचरचं काम चालू असेल तर तिथला सुतारसुद्धा उरलेला तुकडा हसत देतो.

लागतं काय तर बूड १५ इंच बाय ८ इंच. हे खुर्चीवर मांडीखाली जातं, तुमच्याच वजनाने शिकंजा जागेवर राहतो, टेबलाला बांधायची गरज नाही. त्यावर उभ्या दोन फळ्या म्हणजे जबडे, १५ इंच उंच आणि ४ इंच रुंद. एक जबडा अखंड. दुसरा खालून ४ इंचावर कापायचा, म्हणजे खालचा तुकडा पक्का आणि वरचा ११ इंची भाग बिजागरीवर हलणारा. दोघांच्या मधे तळाशी ४ बाय ४ चा ठोकळा. आणि वरच्या टोकाला आतल्या बाजूने प्रत्येकी पाऊण इंच उंचीची एक आडवी पट्टी, तिला आपण ओठ म्हणू. काम फक्त ओठांत धरलं जातं, बाकी फळ्यांच्या मधे मोकळी जागा राहते म्हणून पाकिटाचा उरलेला भाग आत उतरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे घाई करू नका. ओठ आधी वरच्या कडेला भेटले पाहिजेत. शिवण कडेपासून जेमतेम दीड सुतावर असते, तिथेच पकड हवी. ओठ खालच्या कडेला आधी टेकले तर वर फट राहते आणि सुई ढकलली की चामडं मागेपुढे डुलतं, मग कितीही आवळा, काही उपयोग नाही. आणि हे का होतं तर ठोकळ्याचं माप घेताना लोक अस्तराची आणि कामाची जाडी धरत नाहीत. हिशोब बघा, दोन ओठ सहा-सहा सूत म्हणजे बारा सूत. त्यावर आतून चामड्याचं अस्तर, दोन्ही मिळून साधारण सव्वा सूत. मधे तुमचं पाकीट दोन थरांचं, पाऊण-एक सूत. झाले चौदा. म्हणजे तळाचा ठोकळा चौदापेक्षा जरा जास्त हवा, तरच फळ्या वर जवळ आणि खाली लांब अशा राहतील. सहा सुती दोन तुकडे आणि तीन सुती म्हणजे ९ मिलिमीटर प्लायचा एक, असे तीन फेविकॉलने चिकटवून दाबून रात्रभर ठेवा, पंधरा सुताचा ठोकळा तयार. वरचा एक सूत हाच तुमचा उतार.

बिजागऱ्या दोन इंची, दोन नग, बाहेरच्या बाजूने लावायच्या आणि कापलेल्या दोन तुकड्यांच्या मधे एक सूत फट सोडायची. फट नसेल तर जबडा आत झुकायला गेला की आतले कोपरे एकमेकांवर आपटतात आणि तो झुकतच नाही. बोल्ट आवळला की बिजागरीच्या वरच्या पानाचे स्क्रू प्लायमधून उपटायला बघतात, म्हणून वरच्या पानाला आरपार छोटे नट-बोल्ट मारा, खालच्या पानाला ठोकळ्यात जाणारे लांब स्क्रू चालतील.

मुख्य बोल्ट अडीच सुती, पाच इंच लांब, कॅरेज बोल्ट मागा. त्याच्या डोक्याखाली चौकोनी मान असते ती लाकडात रुतते म्हणून बोल्ट जागच्या जागी फिरत नाही आणि एका हाताने नट आवळता येतो. नट बटरफ्लायवाला, दोन कान असलेला, खाली मोठा वॉशर. भोक वरून साडेचार इंचावर. फार खाली घेतलंत तर वर जोर पोचत नाही, फार वर घेतलंत तर काम बोल्टवर आपटतं. अखंड जबड्याचं भोक बोल्टच्या मापाचं, हलणाऱ्या जबड्याचं मात्र तीन सुती आणि वरखाली जरा लांबट करून घ्या कानशीने, कारण तो जबडा बिजागरीभोवती गोलाईत फिरतो आणि गोल भोकात बोल्ट अडकून बसतो.

दोन जबड्यांच्या मधे बोल्टवर स्प्रिंग, अडीच इंच लांबीची दाबाची, म्हणजे नट सैल केला की जबडा आपोआप उघडतो. बोहरी आळीत बोल्ट, नट, बिजागरी, स्प्रिंग सगळं एका फेरीत होईल. स्प्रिंग नाहीच मिळाली तर गादीच्या जाड फोमचा तुकडा भोक पाडून घाला. त्याला जबडा फक्त ढकलायचाय, जोर लावायचा नाहीये.

शेवटी ओठांच्या बाहेरच्या कडा रंध्याने किंवा पॉलिश पेपरने उतरत्या करा, पंचेचाळीस अंशाच्या आसपास, म्हणजे सुई धरलेली बोटं चामड्याच्या अगदी जवळ येऊ शकतात. हे केलं नाही तर बोटांच्या पेरांना दिवसभर लाकूड घासतं.

बाल्कनी_वर्कशॉप

वरचं डिझाईन उत्तमच आहे, पण ते होईपर्यंत काम थांबवू नका. दोन सपाट लाकडी पट्ट्या घ्या, एक एक फूट लांब, आतून जुन्या बेल्टचे तुकडे चिकटवा, त्यात काम धरून पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना एक एक सी-क्लॅम्प लावा आणि तिसऱ्या क्लॅम्पने हे सगळं टेबलाच्या कडेला आवळा. बदलायला वेळ लागतो, दर चार इंचाला सोडून पुढे सरकवावं लागतं, पण पकड जबरदस्त. जुने सी-क्लॅम्प जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात, बुधवारी आणि रविवारी भरतो, फक्त आटे फिरवून बघून घ्या, गंजून जाम झालेला असला तर नको.

खोगीरवाले_काका

लेकी, तू हातशिलाई शिकतेयस हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या वडिलांचं काम घोड्याच्या सामानाचं, खोगीर, लगाम, तंग, कॅम्पातल्या तबेल्यांचं दुरुस्तीला यायचं. त्यांच्याकडे बोल्ट नव्हता की स्प्रिंग नव्हती. सागाच्या दोन लांब पट्ट्या, जराशा बाकदार, खालच्या टोकाला मधे पाचर घालून एकत्र ठोकलेल्या आणि वर आपोआप मिटलेल्या. लाकडाच्या ताणानेच काम धरलं जायचं, उघडायचं तर हाताने फाकवायचं. खालचं टोक जमिनीवर, मधला भाग दोन्ही गुडघ्यांत आणि वरचं तोंड छातीच्या जरा खाली, डावीकडे कललेलं. जास्त पकड हवी की गुडघे आवळायचे, काम पुढे घ्यायचं की गुडघे सैल. हात सुयांवरून उचलावेच लागायचे नाहीत. तासन्‌तास लगाम शिवणाऱ्याला हे फार सोयीचं.

बोल्टवाला तुझ्यासाठी योग्यच, पाकिटासारख्या बारीक कामाला पकड एकसारखी मिळते. मी सांगायला आलोय ते बसण्याबद्दल. शिकंज्याचं तोंड इतकं उंच हवं की मान न वाकवता शिवण दिसली पाहिजे आणि कोपर अंगालगत मोकळे राहिले पाहिजेत, कारण टाका ओढताना दोन्ही हात दोन्हीकडे सरळ उघडतात. खुर्चीवर बसणार असशील तर १५ इंच ठीक. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल तर बारा-तेरा पुरे. कापायच्या आधी पुस्तकांची चवड मांडीजवळ रचून बघ, कुठली उंची सोयीची वाटते ते लगेच कळतं.

रस्त्यावरचे चांभारदादा शिकंजा न वापरता शिवतात ते बघून गोंधळू नकोस, त्यांची पद्धत वेगळी. त्यांच्या आरीच्या टोकाला खाच असते, आरी आरपार घालायची, खाचेत दोरा अडकवून वर ओढायचा. एक हात वर एक खाली, आणि चप्पल किंवा बूट पायात नाहीतर फर्म्यावर दाबलेला. दोन सुयांना समोरासमोर जागा लागते, म्हणून काम उभंच धरायला हवं.

मेणदोरा_धायरी

काका, दादा, किती मनापासून लिहिलंत, खूप खूप आभार. पुस्तकांची चवड रचून बघितली, मला १४ इंच बरोबर वाटतंय, खुर्ची जरा बुटकी आहे आमची. मग जबडे १४ चे केले तर बोल्टचं माप तेच ठेवू का? दुसरं, अस्तराला चामडं कुठलं आणि गुळगुळीत बाजू आत की खरखरीत? आणि दीडसूत दादा, ओठ नीट बसलेत की नाही हे तपासायचं कसं, डोळ्याने तर सगळंच सरळ दिसतं मला.

दीडसूत

१४ केलंत तरी वरून साडेचार इंच तेच ठेवा, पाकीट आत किती उतरायला हवं त्यावर ते ठरतं. फक्त खालचा पक्का तुकडा ४ ऐवजी ३ इंच करा आणि ठोकळाही तेवढाच उंच, म्हणजे हलणारा भाग ११ इंचच राहील.

तपासायचं असं, अस्तर लावून झाल्यावर रद्दी पेपरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या घ्या. ज्या जाडीचं काम करता त्याच जाडीचं चामडं ओठांच्या पूर्ण रुंदीएवढं कापून मधे धरा, आणि त्या चामड्याच्या आणि अस्तराच्या मधे एक पट्टी डाव्या टोकाला, एक मधे, एक उजवीकडे अशा वरून आत सरकवा, ओठाच्या तळापर्यंत. नट हलका आवळा आणि एकेक ओढून बघा. तिन्ही सारख्या जोराने अडकल्या पाहिजेत. एखादी सहज निघून आली तर तिथे पोकळी आहे, बाकीच्या जागा उंच आहेत. मग पट्टी अर्धीच आत, म्हणजे फक्त वरच्या कडेपुरती घालून बघा, तिथे तर अडकलीच पाहिजे. उंच जागा शोधून अस्तरावर सपाट ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर फिरवा. वळ का उठतात तर बहुतेक वेळा जोर जास्त म्हणून नाही, जोर एकाच ठिकाणी पडतो म्हणून. तुमच्या त्या काळ्या क्लिपेची पत्र्याची कड केवढीशी असते, सगळा दाब तिथेच. पूर्ण चार इंचावर सारखा पसरला तर हलक्या आवळण्यात काम धरलं जातं.

अस्तराला मी गुळगुळीत बाजू कामाकडे ठेवतो. खरखरीत बाजू पकडते छान पण तिच्यात मेणाचे आणि धाग्याचे कण अडकून बसतात आणि तेच पुढच्या कामावर दाबले जातात. रंगवलेलं चामडं अजिबात वापरू नका, दमट हवेत रंग सुटून लागतो. चिकटवायला चपलावाले वापरतात ते रबरी सोल्यूशन, दोन्हीकडे लावून बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं.

बाल्कनी_वर्कशॉप

इथे माझं मत जरा वेगळं, खरखरीत बाजू बाहेर ठेवली तर फार कमी आवळावं लागतं आणि म्हणूनच वळ टळतात. कण अडकतात हे खरं, पण जुन्या टूथब्रशने दर वेळी झाडलं की झालं. पातळ, मऊ, एक मिलिमीटरच्या चामड्याचं काम असेल तर माझ्या हाताला तरी हेच सोपं जातं.

हिरडा_बाभूळ

एक गोष्ट राहिली ती सांगतो कारण पुण्याचा पावसाळा आहे आणि ताई व्हेज टॅन वापरतायत. व्हेज टॅन म्हणजे झाडाच्या सालीने किंवा फळाने कमावलेलं, आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. त्यातलं टॅनिन लोखंडाला भेटलं आणि ओल असली की निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र करून पूर्वी काळी शाई करायचे, तीच क्रिया. शिकंज्यात काम आत उतरतं तिथे नेमका लोखंडी बोल्ट आणि स्प्रिंग असते, आणि आपण चामडं पुष्कळदा जरा ओलसर करून वळवतो. बोल्टला टेकलं की संपलं. म्हणून बोल्टवर आणि स्प्रिंगवर मिळून एक कापडी किंवा चामड्याची सैल नळी चढवा, किंवा मधल्या पोकळीत कापडाची झोळी स्टेपल करा, काम झोळीत बसतं. कानशीने भोक मोठं करताना तिच्या दात्यांत आधीची लोखंडाची बारीक पूड असेल तर ती लाकडावर राहते, ती पण पुसून काढा, ओल्या चामड्यावर तिचेही ठिपके पडतात. डाग पडलाच तर लगेच लिंबाचा रस कापसाने लावून बघा, ताजा असेल तर बराच फिका होतो, नंतर ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा.

प्लायला बाहेरून पॉलिशचा किंवा नुसता तेलाचा हात द्या, नाहीतर जुलैमधे कडा फुगतात. तेल मात्र ओठांच्या जवळपास नको, चामड्यावर उतरेल.

मेणदोरा_धायरी

हे डागांचं मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं! माझ्या एका पाउचच्या तळाला असेच काळे ठिपके आहेत, बुरशी समजत होते. झोळीची कल्पना फारच आवडली, जुन्या मांजरपाटाची शिवते.

अजून एक शेवटचं, भावाला बेल्ट करून द्यायचाय, दोन थर, प्रत्येकी साडेतीन मिलिमीटर. याच शिकंज्यात जमेल का?

दीडसूत

जमेल. सात मिलिमीटर म्हणजे सव्वादोन सूत, त्यात ओठ आणि अस्तर मिळवलं की साडेपंधरा होतात, म्हणजे तुमचा पंधरा सुताचा ठोकळा किंचित कमी पडतो आणि ओठ वर जरासे उघडे राहतील. दोन उपाय आहेत. ओठांच्या आतल्या बाजूचा खालचा अर्धा भाग अस्तर लावायच्या आधीच पॉलिश पेपरने अर्धा सूत उतरता करून ठेवा, मग पाकीट आणि बेल्ट दोन्हीला वरची कडच आधी भेटेल. नाहीतर बेल्टपुरती खालच्या पक्क्या तुकड्याच्या मागे पुठ्ठ्याची पट्टी सरकवा, स्क्रू सैल करून. मला पहिला जास्त पटतो, एकदाच करायचं काम आहे.

खोगीरवाले_काका

आणि बेल्टचं लोंबणारं टोक हवेत सोडू नकोस. एवढं जाड चामडं वजनदार असतं, ते शिवण खाली खेचतं आणि टाके एका बाजूला कलायला लागतात. शिकंज्याच्या दोन्ही अंगांना तोंडाच्या उंचीइतकं काहीतरी ठेव, स्टूलवर डबे ठेवलेस तरी चालेल, आणि बेल्ट त्यावर आडवा टेकव. दोरा शिवणीच्या चौपट घे, जाड थराला त्याहून थोडा जास्त, पण पूर्ण बेल्टचा दोरा एकदम घेऊ नकोस, हाताच्या पल्ल्यापेक्षा फार लांब झाला की दर टाक्याला भोकातून घासून घासून त्याचं मेण जातं आणि तो पिंजतो. पल्ल्याएवढा घे, संपत आला की शेवटचे दोन-तीन टाके उलटे मारून नवा सुरू कर. बकलाच्या बाजूने सुरुवात कर म्हणजे जोड पाठीमागे, लुपाखाली येईल असा हिशोब करता येतो.